वारा सरला का?

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, खाट नंबर अकरा.
पहिला दिवस, दुसरा, तिसरा,
येईल तो डॉक्टर एकच विचारतो :
वारा सरला का?
आणि मी, मुंजाजी मास्तर,
एकवीस वर्षं सातवीला पचनसंस्था शिकवणारा,
गृहपाठ न केलेल्या पोरासारखी मान हलवतो.

आतड्याला पीळ पडला होता.
दीड वीत कापलं, उरलेलं शिवलं.
इंटर्न पोरगी किनवटची. ती समजावते :
हात लागला ना काका, की रुसतात ती.
आता गप्प बसलीत. मनधरणी चालत नाही.
स्टेथोस्कोप पोटावर ठेवून डोळे मिटते,
आटलेल्या विहिरीत कान लावावा तशी.

फळ्यावर मी काढायचो ती आतडी
जिलबीसारखी यायची.
लहान आतडे, लांबी सहा ते सात मीटर. दोनदा लिहा.
पोरं दोनदा लिहायची.
जठराला त्याचंच आम्ल का जाळत नाही?
हे दोन मार्कांना.
उत्तर : आतून सारवलेलं असतं, आणि सारवण सारखं नवं.
सारवण हा शब्द पुस्तकात नव्हता,
प्रयागच्या हातांकडे बघून मी घातलेला.

शेजारच्या खाटेवर इस्माईलचाचा,
उशाशी त्यांची रसूलबी.
केजच्या बाजारात तिचा जन्म वजडी धुण्यात गेला,
गरम पाणी, चुना, पुन्हा पाणी.
"गुर्जी, तुमी अंकुर अंकुर म्हनायलाव,
ते टावेल असतंय. कोरा टावेल.
उलटा हात फिरवा, लव उभी ऱ्हाती."
तिनं हवेतच बोटं चोळली
आणि एकवीस वर्षं काय शिकवत होतो
ते मला तेव्हा हाताला लागलं.

ही सगळी लव, सगळ्या घड्या उलगडून अंथरल्या
तर माझा वर्ग भरेल, भिंतीपासून भिंतीपर्यंत.
एवढं अंथरूण पोटात घेऊन
माणूस बसस्टँडवर उभा असतो, हातात भज्यांचा पुडा,
आणि आत कुणी त्याला न विचारता निवडत असतं :
साखर रक्तात, तेल पलीकडच्या पांढऱ्या वाटेनं,
पाणी सगळ्यात शेवटी, मोठ्या आतड्यात,
पिळून, निथळून, थेंबाचा हिशोब ठेवून.
ते मोठं आतडं मात्र मला
आमच्याच मुलखातलं वाटतं.

एकदा वर्गात प्रयोग घेतला :
ज्वारीची भाकर, नुसती. चघळत राहा.
गिळायची नाही. लाळेनं पिठाची साखर होते.
सगळ्यांचे डोळे मोठे झाले, गोड लागायली गुरुजी!
भागोजी तेवढा गप्प.
काय रे?
थांबलीच नाही, गुरुजी. गेली.
वर्ग हसला. मीही हसलो.
दुसरा तुकडा दिला. तोही थांबला नाही.

चौथ्या रात्री, अडीच-तीनला,
रात्रपाळीची लाइट आल्यावर
लांब शिवारात एखादी मोटार खोकते ना,
तसं नाभीखाली काहीतरी खोकलं.
थांबलं. परत खोकलं.
मग, आता लाजायचं काय, सरला.
मोठ्यानं.
खाली चटईवर प्रयाग उठून बसली, हात जोडले,
कुणाला, ते तिलाही सांगता येईना.
अंधारातून रसूलबी :
"मुबारक गुर्जी, उघडलं तुमचं दुकान!"
सहा खाटा हसल्या, टाके धरधरून.

सकाळी भाताची पेज, मिठाची कणी, चार चमचे.
म्हटलं जिभेवर धरून बघू, गोड होते का.
थांबलीच नाही.
भागोजी आता कुठंय कुणास ठाऊक,
चाकणला कंपनीत आहे म्हणतात.

तोवर किनवटची पोरगी पुढच्या खाटेशी गेली :
इस्माईलचाचा, वारा सरला का?
सगळ्या वॉर्डानं
चमचे खाली ठेवले.